काकवीची बाटली : टर्बो गाडीला ऑइल कॅच कॅन बसवल्याच्या नोंदी

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार

ओडोमीटर ७८,४१२.

आज अण्णांच्या गॅरेजात इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणारा नळ्यांचा भाग, उतरवला. गाडी २०१६ ची, चार सिलिंडर, टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन. महिनाभर एकच तक्रार होती : सकाळी थंड इंजिन चालू केलं की पहिलं मिनिटभर आचके द्यायचं आणि आरपीएमची सुई ७०० ते ९०० मध्ये डुलत राहायची. प्लग बदलून झाले, कॉइलची अदलाबदल करून झाली. फरक शून्य.

मॅनिफोल्ड निघाल्यावर आत टॉर्च मारली तर इनटेक व्हॉल्व्हच्या दांडीवर आणि पाठीवर डांबर बसलेलं. चुलीवरच्या तव्याला बुडाशी धरतं तसं, फक्त हे तेलकट. अण्णांनी स्क्रूड्रायव्हरनं टोकरलं, तर ज्वारीच्या दाण्याएवढी जाड खपली हातात आली.

"साध्या इंजेक्शनच्या गाडीत असं हुत न्हाई," अण्णा म्हणाले. "तिथं पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतंय, रोज धुऊन निघतोय. हितं पेट्रोल थेट सिलिंडरात. व्हॉल्व्हला आंघोळच न्हाई."

सफाईचं काम किचकट. ज्या सिलिंडरचा पोर्ट साफ करायचा त्याचे व्हॉल्व्ह पुरते मिटतील अशा जागी क्रँक फिरवून आणायची, पोर्टात केमिकल ओतून मुरू द्यायचं, ब्रशनं घासायचं, व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचं, फडक्यानं पुसायचं, आणि परत तेच. व्हॉल्व्ह नखभर जरी उघडा राहिला तरी सगळी घाण खाली पिस्टनवर. बाहेरच्या देशांत यासाठी अक्रोडाच्या टरफलांचा भुसा हवेच्या दाबानं मारतात. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "आधी अक्रोड खायला तर मिळू दे."

दोन दिवस गाडी तिथंच राहणार. मी कोल्हापूरच्या केएमटी बसनं घरी.

२६ ऑगस्ट, सोमवार

गाडी आणली. सकाळचे आचके बंद. बिल बघून मात्र मला एक आचका आला. हे दर सत्तर-ऐंशी हजारांना करायचं नसेल, तर तेल व्हॉल्व्हपर्यंत पोचण्याआधीच अडवायला हवं. म्हणून हा उद्योग : ऑइल कॅच कॅन, म्हणजे वाफेतलं तेल वाटेतच अडवणारा डबा.

१ सप्टेंबर, रविवार

डबा घेण्याआधी दोन गोष्टी तपासल्या.

पहिली कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात किती दाब धरला जातो ते. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतील तर कॅच कॅन लावणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. चारही सिलिंडर ११.५ ते १२ बारच्या आत आले, एकमेकांत फारसा फरक नाही. इंजिन धडधाकट आहे. म्हणजे हे तेल आजारपणाचं नाही, या रचनेतच ते येणार.

येतं कसं, ते इथं लिहून ठेवतो, कारण पुढं सगळी भानगड याच्यावरच होणार आहे. रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळणाऱ्या वायूतला थोडा भाग पिस्टनच्या कडेनं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरते त्या पेटीत, उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. खाली क्रँक तेल घुसळत असते, त्यामुळं त्या वायूत तेलाचे बारीक तुषार मिसळतात, शिवाय जळणातून आलेली पाण्याची वाफ असतेच. याला वाट दिली नाही तर दाब वाढून ऑइल सील फुटतील. जुन्या गाड्यांत एक नळी खाली सोडलेली असायची आणि हे सगळं रस्त्यावर जायचं. कॅलिफोर्नियातल्या धुरक्यानं लोक हैराण झाले, तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ही वाफ परत इंजिनालाच पाजायची पद्धत आली. तीच पीसीव्ही, पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन.

टर्बो गाडीत या वाफेला दोन वाटा ठेवाव्या लागतात. गाडी सावकाश चालत असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तो हेड कव्हरवरच्या पीसीव्ही व्हॉल्व्हमधून वाफ ओढून घेतो. पाय दाबला की टर्बो हवा कोंबतो आणि मॅनिफोल्डमध्ये ओढीच्या जागी उलटा दाब तयार होतो. तेव्हा पीसीव्ही व्हॉल्व्ह मिटतो आणि वाफ दुसऱ्या वाटेनं, ब्रीदर नळीतून, टर्बोच्या तोंडाशी जाते. तिथून टर्बो, मग दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर, मग परत मॅनिफोल्ड.

माझं रोजचं जाणंयेणं राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी. निम्मं सिग्नलला उभं राहणं, उरलेलं हायवेला सत्तरनं. म्हणजे बहुतेक वेळ पहिली वाट. डबा तिथं, पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड यांच्या मधोमध.

दुसरी तपासणी क्रँककेसमधल्या ओढीची. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी दोन मीटर घेतली, यू आकारात फळीला बांधली, निम्म्यापर्यंत पाणी भरलं आणि एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवलं. इंजिन आयडलला ठेवलं. पाणी एका बाजूनं चढलं आणि १२ सेंमीच्या फरकावर थांबलं. खर्च साठ रुपये. हा आकडा जपून ठेवायचा. डबा बसवल्यावरही तो जवळपास एवढाच यायला हवा.

१४ सप्टेंबर, शनिवार

डबा कुरियरनं आला. १,४५० रुपये. काळा अ‍ॅनोडाइझ केलेला, देखणा. गणपती बसलेले असल्यामुळं घरात पाहुणे, एका मावशींनी तो हातात घेऊन विचारलं, "थर्मास का रे?"

१५ सप्टेंबर, रविवार

बसवला. जागा निवडली डाव्या हेडलाइटच्या मागं, टर्बोपासून सगळ्यात लांब. डबा जितका गार, तितकी वाफ आत लवकर थिजते. गरम एक्झॉस्टशेजारी ठेवला तर आलेलं तेल वाफ होऊन पुढं निघून जाईल. बॉडीला भोक पाडायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, म्हणून तीन मिमीची पट्टी वाकवून बॅटरी ट्रेच्या मूळ बोल्टवरच घेतली.

होज लक्ष्मीपुरीतून आणला. दुकानदारानं विचारलं, "कशासाठी?" मी म्हटलं, "गाडीसाठी." त्यानं रेडिएटरच्या हीटरला लावतात तो दिला. मीही घेतला. चूक इथं झाली, पण ती आज कळायची नव्हती.

वाफ डब्यातून हवेत सोडायची, परत मॅनिफोल्डला जोडायचीच नाही, असंही काही जण करतात. काम सोपं होतं. पण मग केबिनमध्ये तेलाचा वास येतो, ती बिनजळलेली वाफ शेजाऱ्याच्या नाकात जाते आणि ते नियमातही बसत नाही. शिवाय माझ्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी बसलेला आहे. क्रँककेसमधून फिरून येणारी हवा त्यानं आधीच मोजलेली असते. मधली नळी उघडी ठेवली तर हिशेबाबाहेरची हवा आत शिरणार. तेव्हा बंद साखळी.

पाण्याच्या नळीवर ११ सेंमी. उत्तम.

२९ सप्टेंबर, रविवार

६४० किमी झाले. शुक्रवारी संध्याकाळी कावळा नाक्याच्या सिग्नलला इंजिनचा पिवळा दिवा लागला. बॉनेटखालून बारीक शिट्टी येत होती, कुकरची शिट्टी पडायच्या आधी येते तशी.

आज स्कॅनर लावला. कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. आयडलला फ्युएल ट्रिम अधिक १७ टक्के, म्हणजे कॉम्प्युटर कुठूनतरी शिरणारी हवा भरून काढायला तेवढं पेट्रोल जादा ओततोय. २,५०० आरपीएमला तोच आकडा अधिक ५. रेस वाढवल्यावर उतरतो म्हणजे मॅनिफोल्डकडून हवा आत येतेय. आयडलला ओढ जास्त, आत येणारी एकूण हवा कमी, त्यामुळं तेवढीच गळती तिथं मोठी दिसते.

डब्याकडून मॅनिफोल्डला जाणारा होज हातात धरला तर पिळून झालेल्या उसाच्या चिपाडासारखा. वळणावर आत ओढला जाऊन चपटा झालेला आणि मॅनिफोल्डच्या निपलवर फुगून सैल पडलेला. क्लिप फिरवली तर होजही तिच्याबरोबर फिरायला लागला. शिट्टी तिथूनच.

रात्री वाचत बसलो तेव्हा लख्ख झालं. हीटरचा होज ईपीडीएम रबराचा असतो. पाणी आणि कूलंट त्याला चालतं, तेल लागलं की फुगतो आणि मऊ पडतो. तेलाच्या वाफेला नायट्राइल रबर लागतं आणि ओढीनं चपटा होऊ नये म्हणून आत विणकाम किंवा तारेचं वेटोळं. रबर बनवणाऱ्यासाठी ही बालवाडीची गोष्ट असेल. मला तिची किंमत एक रविवार आणि एक पिवळा दिवा पडली.

पाण्याच्या नळीवर दीड सेंमी.

आणि डब्यात? तळाला चमचाभर. होज चपटा झाला हे खरं, पण पहिले काही दिवस तरी तो उघडाच होता. तेवढ्यात चमचाभरच?

मूळ नळी परत लावली. कोड पुसला. डबा बाजूला.

५ ऑक्टोबर, शनिवार

डबा घेऊन उद्यमनगरात बापूंकडं गेलो. बापूंचं लेथ एका बोळात, दोन गाळ्यांचं. मी फाउंड्रीत कास्टिंगची ड्रॉइंग काढतो, त्यामुळं त्यांची माझी जुनी ओळख. माझ्या ड्रॉइंगमधल्या चुका मला फोन करून सांगणारा एकमेव माणूस.

बापूंनी डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत आत बघितलं.

"आत काय हाय?"

"म्हणजे?"

"आरं, आत कायच न्हाई. हिकडनं वाफ येती, तिकडनं जाती. थांबायला कारण काय तिला? बिनपंखाचं देऊळ असलं तर तीर्थ कोण घेतंय?"

देवळाचं काही मला कळलं नाही. डब्याचं कळलं. दोन्ही निपल झाकणातच, शेजारीशेजारी, आत नळी नाही, पडदा नाही. वाफ एका भोकातून येऊन दुसऱ्यातून गेली. चमचाभर थांबलं हेच नवल.

मग बापूंनी गाळ्याच्या कोपऱ्यातून एक जुनी वस्तू काढली. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनाचा ब्रीदर. त्यांच्या वडिलांच्या वेळी उद्यमनगर या ऑइल इंजिनांवर आणि त्यांच्या सुट्या भागांवरच उभं होतं. बिडाचा छोटा पेला, आत पत्र्याची पातळ चकती आणि वर तारेची जाळी. पिस्टन खाली आला की चकती उचलते, हवा बाहेर. पिस्टन वर गेला की चकती बसते. तेल जाळीला अडकून परत खाली गळतं.

"तुझ्या त्या व्हॉल्व्हचं काम ही चकती करती, आन् डब्याचं काम ही जाळी. फकस्त आता त्याला इंग्रजी नाव दिलंय."

नवा डबा करायचा ठरलं. तिथंच चहाच्या कागदावर आखला. तीन इंची अ‍ॅल्युमिनियम पाइप, तीन मिमी जाड. आत येणारी नळी झाकणापासून खाली दोन तृतीयांशापर्यंत, टोक बंद आणि कडेला भोकं, म्हणजे वाफ भिंतीवर आपटेल. आपटली की जड थेंब चिकटतात. अरुंद नळीतून रुंद डब्यात आल्यामुळं वेग पडतो, म्हणून उरलेल्यातले आणखी काही खाली बसतात. त्याच्यावर भोकांची चकती, मग विणलेली स्टेनलेस जाळी, मग दुसरी चकती, आणि बाहेर जायचं तोंड सगळ्यात वर.

मी भांडी घासायची तारेची घासणी सुचवली, बरेच जण तीच भरतात. बापूंनी साफ नकार दिला. घासणीचा धागा तुटतो. सुटला की सरळ इंजिनात. त्यांच्याकडच्या पोरानं लेथवरचा कीस भरायची कल्पना काढली, त्याला चहा आणायला पाठवलं.

खाली तळाला पाव इंची बॉल कॉक, तेल काढायला. बाजूनं काचेची नळी हवी का, असं बापूंनी विचारलं. मी नको म्हटलं. जितके जोड कमी तितक्या गळतीच्या जागा कमी.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सकाळी सहज बोळात डोकावलो. लेथ धुऊन पुसून झेंडूच्या माळेत. चकमध्ये नारळ अडकवायचा तेवढा बाकी होता. "आज यंत्राला हात लावायचा न्हाई. सोनं घे, पेढा घे आन् जा." सोनं दिलं, घेतलं, आलो. संध्याकाळी दसरा चौकात गर्दी एवढी की गाडी काढलीच नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

डबा तयार. अर्गॉन वेल्डिंग शेजारच्या गाळ्यात झालं, शिवण बघून मन भरलं. झाकणाला आटे न देता सहा बोल्ट आणि ओरिंग.

आता दाब. डबा पीसीव्ही व्हॉल्व्हच्या पुढं, मॅनिफोल्डच्या बाजूला बसतो. म्हणजे टर्बोनं हवा कोंबली की तोच दाब या डब्यातही येणार, जवळपास एक बार. साधा थर्मास समजून केलेला डबा इथं तोंडघशी पडतो. बापूंनी एका निपलला बूच मारलं, दुसऱ्याला कॉम्प्रेसर लावला, रेग्युलेटर दोन बारवर ठेवला आणि डबा पाण्याच्या बादलीत बुडवला, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा.

बुडबुडे. झाकणाच्या एका बोल्टापासून, सावकाश, मोजता येतील असे. एक... दोन... तीन. झाकण काढलं. ओरिंगच्या खाचेत केसाएवढी बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची धार, राहिली होती. बापूंनी नखानं चाचपली, पॉलिश पेपरचा कोपरा दुमडून दोन वेळा फिरवला, ओरिंगला तेलाचं बोट लावून परत बसवला. पुन्हा बादलीत. पाणी शांत. आम्ही दोघं आणि ते पोरगं, तिघंही पाच मिनिटं बादलीकडं बघत बसलो. कुणी बोललं नाही.

पाइप, जाळी, वेल्डिंग, मजुरी मिळून १,९०० रुपये. आधीच्या शोभेच्या डब्यात मी आता पाने ठेवतो.

२० ऑक्टोबर, रविवार

बसवला. नायट्राइल होज, विणकामाचा, आतून १५ मिमी, मूळ नळीएवढाच. वळणं मोठी ठेवली. डब्याकडून इंजिनाकडं येणाऱ्या नळीत मधे कुठं खोलगट झोळ पडू दिला नाही, नाहीतर तेल तिथंच साठतं.

पाण्याच्या नळीवर १२ सेंमी. ट्रिम अधिक २. शिट्टी नाही. साबणाचं पाणी लावून सगळे जोड बघितले.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

ताईकडं कणकवलीला. राधानगरीवरून फोंडा घाटानं उतरलो, रात्री त्याच वाटेनं वर. घाट चढताना गाडी बराच वेळ बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोच्या दाबावर. मजा आली, नोंद घेण्यासारखं काही नाही. दिवा लागला नाही, हीच नोंद.

१७ नोव्हेंबर, रविवार

९१० किमीनंतर कॉक उघडला. १४ मिली. तपकिरी, पातळ, जळक्या तेलाचा आणि थोडा पेट्रोलचा वास. मधाच्या रिकाम्या बाटलीत भरून मागच्या गॅलरीच्या खिडकीत ठेवलं. पुढच्या वेळचं त्याच्याशेजारी ठेवून बघायचं होतं.

१४ मिली ऐकायला किरकोळ वाटतं. पण तेवढं दर हजार किमीला धरलं तर आजवरच्या ७८ हजारांत लिटरभर तेल त्या व्हॉल्व्हवरून गेलं असणार. डांबराचा हिशेब लागला.

१ डिसेंबर, रविवार

गुऱ्हाळं सुरू झालीत. आईनं गॅलरीतली बाटली आणली, चपातीच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "काकवी आणलीस ती एवढीशीच? आणि अशी का पातळ?"

झाकण उघडेपर्यंत मला कळलं नाही, ती कशाबद्दल बोलतेय. वासानंच तिचा हात मागं गेला. नंतर जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. बाटलीवर आता लाल पेननं फुली आहे आणि ती गाडीच्या डिकीत असते.

२२ डिसेंबर, रविवार

पाच आठवड्यांत १,१२० किमी, सगळे शहरातले, गारठ्यात. कॉक उघडला तर ३८ मिली. पण तेल नव्हे, दुधाळ चहा. पहिल्यांदा पोटात गोळा आला, हेड गॅस्केट गेलं की काय. कूलंटची पातळी बघितली, जागेवर. डिपस्टिक स्वच्छ. ऑइल कॅपच्या आतल्या बाजूला मात्र किंचित लोण्यासारखं.

हे पाणी जळणातलंच. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते, थोडी ब्लो-बायबरोबर खाली येते. इंजिन चांगलं तापलं तर उडून जाते. थंडीत बारा-पंधरा किमीच्या फेऱ्यांत तेल पुरतं तापतच नाही, आणि गार डब्यात ती वाफ पाणी होऊन तेलात मिसळते. बाटली उभी ठेवली तर खाली पिवळट पाणी आणि वर तेल असे थर पडले. साधारण निम्मं पाणी.

म्हणजे नोव्हेंबरचे १४ आणि आताचे ३८ या आकड्यांची तुलनाच करता येत नाही. तेलाला तेल मोजलं तर १,१२० किमीत १९, जवळपास तेवढंच. डबा भरला म्हणून खूश व्हायचं कारण नाही.

हे जमलेलं परत इंजिनात ओतायचं का, असं ऑफिसात एकानं विचारलं. अजिबात नाही. त्यात पाणी, पेट्रोल आणि आम्ल. अण्णांच्या जळक्या तेलाच्या पिंपात जातं. आणि थंडीत दर दोन-तीन आठवड्यांनी रिकामं करायचं. डबा काठोकाठ भरला तर मॅनिफोल्ड ते सगळं एका घोटात ओढेल, आणि द्रव काही दाबला जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो.

१२ जानेवारी २०२५, रविवार

ऑइल बदललं. एपीआय एसपी दर्जाचं घातलं. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत कमी आरपीएमला जोर लावताना ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायचा प्रकार होतो, त्याचा विचार करून २०२० साली हा दर्जा आला. सिलिंडरात शिरणारे तेलाचे थेंब हेही त्याचं एक कारण मानलं जातं, त्यामुळं आमच्या डब्याचा आणि या तेलाचा कुठंतरी संबंध आहेच.

गाडी वर होती म्हणून इंटरकूलरचा खालचा पाइप सोडून बघितला. बोट फिरवलं. तेल.

तेही ओलं, ताजं. ऑगस्टमध्ये हा पाइप पुसून बसवला होता. टर्बोच्या तोंडाचा एल्बो बघितला, ब्रीदर नळी येऊन मिळते तिथं ओघळ. अण्णा शेजारी उभे. त्यांनी फक्त "हं" केलं.

त्या "हं"चा अर्थ मला माहीत आहे. १ सप्टेंबरला मीच लिहून ठेवलंय, दोन वाटा. डबा एकाच वाटेवर बसवलाय.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रयोग. एल्बो आतून पांढऱ्या बनियनच्या तुकड्यानं लख्ख पुसला. तीन आठवडे शहरातच चालवली, ३१० किमी, पाय जपून. आज तसाच पांढरा तुकडा फिरवला : फिकट पिवळा डाग, आठ आण्याच्या नाण्याएवढा.

परत लख्ख पुसला.

२ मार्च, रविवार

काल आंबा घाटानं रत्नागिरी, आज परत. येताना साखरप्यापासून घाट चढताना मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये, पाय खाली. बायको म्हणाली, "कुणी मागं लागलंय का?"

घरी आल्या आल्या, गार व्हायची वाट न बघता, एल्बो सोडला. हात भाजला. तुकडा फिरवला : पूर्ण काळा, पिळला असता तर थेंब पडला असता. दोन दिवसांचे किमी शहरातल्या तीन आठवड्यांपेक्षा थोडेच कमी. डब्यात या दोन दिवसांचे मोजून ३ मिली.

दोन्ही तुकडे एका पिशवीत घालून बापूंकडं नेले. दुसऱ्या वाटेवर डबा लावणं पहिल्याइतकं सोपं नाही. ती नळी दोन्ही बाजूंनी वाहते : सावकाश चालताना ताजी हवा तिच्यातून क्रँककेसमध्ये येते आणि बूस्टला वाफ तिच्यातूनच बाहेर पडते. तिथं भोक जरा जरी अरुंद केलं तर ऐन जोरात असताना क्रँककेसचा दाब चढेल, म्हणजे जिथं सील वाचवायचे तिथंच फुटतील. मूळ नळी १९ मिमी आहे, डब्याची तोंडं २२ च्या खाली चालणार नाहीत. जाळीही विरळ हवी. आणि टर्बोशेजारी थंड जागा कुठून आणायची?

हे सगळं मी बोलत होतो तोवर बापूंनी काळा तुकडा नाकाशी धरून वास घेतला, फळीवरून पाइपचा एक तुकडा खाली काढला आणि समोर ठेवला. तीन इंची, लांबीला कापून, कडा मारून तयार.

"दसऱ्याच्या आधीच कापून ठेवलाय," म्हणाले. "तू कवा येतोस तेवढंच बघत हुतो."